दुर्बीण की रोबोट: खानदेशातील रुग्णापुढचे दोन पर्याय
पित्ताशयातील खड्यांसाठी चोपड्याहून किंवा शहाद्याहून निघालेल्या रुग्णाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया बहुधा पुरेशी असते. जळगाव-धुळ्यात ती होते आणि खर्चही आटोक्यात राहतो, त्यामुळे त्यासाठी रोबोट शोधत पुणे-मुंबई गाठणे मला अनाठायी वाटते. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाचे मात्र वेगळे. ओटीपोटाच्या खोल, चिंचोळ्या जागेत दुर्बिणीची ताठ अवजारे टाके घालताना अडतात, तर २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोट-यंत्राची अवजारे टोकाशी मनगटासारखी वळतात, हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो आणि सर्जनला त्रिमितीय चित्र दिसते. यंत्र स्वतःहून काहीच कापत नाही (हा गैरसमज गावोगावी हमखास भेटतो). शेजारच्या कन्सोलवर (नियंत्रणाच्या मेजावर) बसलेला सर्जनच ते चालवतो. उलट, टाक्याचा दोरा किती ताणला गेला हे दुर्बिणीत बोटांना थोडेफार कळते, जुन्या रोबोटांत ते केवळ डोळ्यांनी ओळखावे लागते.