कोल्हापूर–मुंबई स्टार एअर: काही महिने वापरल्यावर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. कामाची तारीख तुमच्या हातात असेल तर कोल्हापूर–मुंबईसाठी स्टार एअर डोळे झाकून घ्या. तारीख दुसरं कुणी ठरवत असेल, म्हणजे कोर्ट, मुलाखत, लग्नाचा मुहूर्त, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट आधी काढून ठेवा आणि मग विमानाकडे बघा.

मी नोकरीसाठी ठाण्यात, आई-वडील कोल्हापुरात रंकाळ्याजवळ. वडिलांच्या तपासण्या मुंबईत सुरू झाल्या तेव्हापासून आमच्या घरात या विमानाची ये-जा नेमाने चालू आहे. कधी मी एकटा, कधी आई-वडील दोघंच, कधी सगळे. त्यामुळे हे एका फेरीच्या कौतुकातून लिहिलेलं नाही.

कोल्हापुरात या सेवेबद्दल बोलताना पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. ‘किती दिवस टिकतंय?’ हा असतो. आणि तो उगाच नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी उभारला, १९३९ मध्ये तो सुरू झाला. म्हणजे धावपट्टी जुनी, पण नेमाने येणारं विमान मात्र कायमच पाहुणं. किंगफिशर २०११ मध्ये गेलं. मग कित्येक वर्षं शुकशुकाट. २०१८ मध्ये एअर डेक्कनचं अठरा आसनी विमान आलं, तेही फार काळ राहिलं नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आलं, २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच थांबली. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२२ ला स्टार एअरने मुंबईची फेरी सुरू केली. कंपनी संजय घोडावत समूहाची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, पण तिचं पहिलं उड्डाण २५ जानेवारी २०१९ ला बंगळुरू–हुबळी असं झालं होतं. आपल्या गावाला पोचायला त्यांनाही वेळ लागला. आमच्या गल्लीत अजूनही कुणी ‘स्टार एअर’ म्हणत नाही, ‘घोडावतांचं विमान’च म्हणतात.

आता विमानाबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. आम्हाला या मार्गावर एम्ब्रेअर कंपनीचं ईआरजे-१४५ मिळत आलं. पन्नास आसनं. चढल्यावर तोंड शेपटीकडे केलं की एका बाजूला एकेकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन. मधली सीट हा प्रकारच नाही. एकेरी रांगेतली सीट म्हणजे खिडकीही तुमची आणि वाटही तुमची. आई पहिल्यांदा तिथे बसली आणि उतरल्यावर म्हणाली, “शेजारी कोण न्हाई ते बरं झालं बघ, उठताना कुणाला सरका म्हणायला नको.” गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं.

विमान लहान आहे हे मात्र आत शिरताच कळतं. छत जेमतेम सहा फुटांवर, उंच माणसाला मान वाकवावी लागते. सामानाचे कप्पे फक्त दुहेरी सीटच्या डोक्यावर, तेही अरुंद. मोठ्या विमानात सहज बसणारी चाकांची बॅग इथे बसत नाही. ती शिडीजवळ द्यायची आणि उतरल्यावर घ्यायची. म्हणून औषधं, रिपोर्ट, चार्जर वेगळ्या पिशवीत ठेवा. इंजिनं शेपटीजवळ आहेत, त्यामुळे पुढच्या रांगा बऱ्याच शांत आणि शेवटच्या रांगांमध्ये घरघर. स्वच्छतागृहही मागेच.

चढायला शिडी आहे, बोर्डिंग ब्रिज नाही. पायऱ्या कमी, पण उंच. घरात कुणाला त्रास असेल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर जाऊन नको. वडिलांसाठी आम्ही दर वेळी नोंदवतो. कोल्हापूरच्या बाजूला कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘काका, सावकाश’ म्हणत हाताला धरून चढवलंय. पन्नास माणसांच्या विमानात कोण कुठे बसलंय हे केबिन क्रूला लक्षात राहतं, हा लहान असण्याचा फायदा.

कंपनीकडे २०२३ पासून ई१७५ ही मोठी विमानंही आहेत, ७६ आसनांची, त्यात १२ बिझनेस क्लासची. तासाभराच्या प्रवासाला बिझनेस क्लास कशाला, हे मला अजून समजलेलं नाही. ज्यांना परवडतं त्यांनी सांगावं.

वेळेचा हिशोब. हवेत तास-पाऊण तास. पण ठाण्यातून निघून मुंबई विमानतळ गाठणं, आधी पोचणं, सुरक्षा तपासणी, मग कोल्हापुरात उतरून घर, असं दारापासून दारापर्यंत धरलं तर साडेचार तास लागतातच. यातला सगळ्यात बेभरवशाचा तुकडा ठाणे ते विमानतळ. उलट उजळाईवाडीत उतरल्यावर बॅग हातात येऊन रिक्षात बसायला फारच कमी वेळ लागतो. नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्या राजवाड्यासारख्या दगडी कमानी आहेत, आणि मुख्य म्हणजे चालावं कमी लागतं. स्लीपर बसला हाच प्रवास नऊ-दहा तास, आणि सातारा–कागल पट्ट्यात रस्त्याची कामं नि वाहतूक जमली की त्याच्याही पुढे. महालक्ष्मीला रात्र जाते, पण झोप होते.

या विमानाची स्पर्धा इंडिगोशी आहे असं बाहेरचे लोक धरून चालतात. इंडिगो कोल्हापुरात आहेच, २०१९ पासून, पंख्यांच्या एटीआर विमानांनी हैदराबादसारख्या मार्गांवर. पण मुंबईला जाणाऱ्या आमच्यासारख्याच्या डोक्यात तुलना चालते ती एसी स्लीपर बसशी. साधारण दिवसात विमान बसच्या दुप्पट-अडीचपट पडतं. दिवाळीला खासगी बसवाले जे दर लावतात ते पाहिले की फरक एवढा कमी होतो की विमान स्वस्त वाटायला लागतं. गणपतीतही तेच.

दराच्या मागची व्यवस्था समजून घेतली तर तिकीट स्वस्तात मिळवता येतं. ही सेवा लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून आली. त्यात कंपनीला निम्म्या जागा सरकारने घातलेल्या मर्यादेच्या आत विकाव्या लागतात. बदल्यात तोटा भरून काढायला तीन वर्षं पैसे मिळतात आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला प्रवेश नसतो. पैशातला मोठा वाटा देशातल्या मुख्य मार्गांवरच्या फेऱ्यांवर लावलेल्या आकारणीतून येतो, थोडा राज्य सरकार देतं. म्हणजे मुंबई–दिल्लीच्या भरलेल्या विमानांच्या जिवावर लहान गावांची विमानं उडतात. मोठ्या कंपन्यांना हे किती आवडत असेल ते वेगळं सांगायला नको. आपल्यासाठी मुद्दा एवढाच: स्वस्त जागा मोजक्या, आणि आधी येईल त्याला. तीन-चार आठवडे आधी काढलेलं आणि दोन दिवस आधी काढलेलं तिकीट यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि ‘किती दिवस टिकतंय’ या प्रश्नाचं मूळही याच योजनेत आहे. २०२३ च्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा हिशोब आहे. ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते ते ५४. हे वाचल्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या शंकेला मी हसणं सोडलं. मात्र कोल्हापूर–मुंबईत मला रिकामं विमान क्वचितच दिसलंय. दवाखाना, मंत्रालय, कापड, फाउंड्री, परदेशी जाणारी मुलं, असा पक्का गिऱ्हाईक या मार्गाला आहे.

मर्यादा कुठे येते? फेऱ्यांच्या संख्येत. मोठ्या कंपनीकडे शेकडो विमानं, स्टार एअरकडे डझनाच्या आसपास. एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं, त्यामुळे पहिल्या गावात झालेला उशीर पुढे सरकत जातो. कुठल्याही लहान कंपनीचं गणित असंच असतं. शिवाय मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात, आणि सोयीच्या वेळा मिळवण्यासाठी रांग मोठी. आम्हाला मिळत गेलेली वेळ दुपारच्या अलीकडची-पलीकडची. सकाळी मुंबईत काम करून संध्याकाळी घरी जेवायला, हे कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांचं जुनं मागणं आहे.

जोडविमानाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझ्या मेव्हण्याने दिल्लीहून मुंबई एका मोठ्या कंपनीने आणि पुढे कोल्हापूर स्टार एअरने, अशी दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान उशिरा आलं, दुसरं निघून गेलं. त्या मोठ्या कंपनीच्या काउंटरवर ‘पुढचं तिकीट आमचं नाही’ एवढंच उत्तर मिळालं. त्या दिवशी कोल्हापूरला दुसरी फेरी नव्हती. शेवटी सायनहून बस. दोन तिकिटं वेगळी असली की मधे निदान चार तास ठेवा, किंवा मुक्कामच करा.

पावसाळ्यात, खास करून जुलै-ऑगस्टमध्ये, ढग खाली उतरले की कुणाचंच विमान घड्याळावर चालत नाही. त्या दोन महिन्यांत डॉक्टरांची वेळ आम्ही दुसऱ्या दिवसाची घेतो.

सीट निवडताना मुंबईकडे जाताना डावी बाजू घ्या, पुढच्या रांगेतली. हवा स्वच्छ असली तर सह्याद्रीची कड उतरून खाली कोकण पसरलेलं दिसतं, आणि शेवटी खाड्या नि समुद्र. हीच एकेरी सीटची बाजू आहे, त्यामुळे ती आधी संपते. नाश्त्याच्या अपेक्षेने जाऊ नका, ठाण्याला परतताना आईच्या डब्यातली धपाटी मी उजळाईवाडीतच संपवतो.