डाएट डबा: कॅलरी मोजून मिळतात, ॲलर्जीचं विचारून घ्यावं लागतं

वजन उतरवण्यासाठीचे तयार डबे पुण्या-मुंबईत आता ऑफिसच्या दारात येतात. बाराशे, चौदाशे, सोळाशे कॅलरींचे प्लॅन असतात आणि झाकणावर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो. पथ्य नसलेल्या माणसासाठी सोय झकास आहे. अन्नाची ॲलर्जी असेल तर मात्र सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. आमचा कौल असा: कोळंबी, मासे किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर निव्वळ शाकाहारी स्वयंपाकघराचा डबा खुशाल लावा. गहू किंवा दुधाची असेल तर नीट चौकशी करून लावा. शेंगदाण्याची असेल तर मराठी चवीचा डबा लावूच नका.

शेंगदाण्याबद्दल इतकं ठाम बोलण्याचं कारण म्हणजे कूट. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, मेथीची पातळ भाजी, उपवासाची भगर, सगळ्यात ते असतंच. डाएटवाले तर प्रथिनं वाढवायला आणखी एक चमचा घालतात. ‘कूट घालू नका’ असं सांगितलं की तुमच्या वाटीत घालत नाहीत, पण चटणी त्याच मिक्सरच्या भांड्यात फिरते आणि डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात जातो. ज्याला कणभर दाण्यानेही त्रास होतो, त्याला एवढं पुरेसं आहे. ‘घाण्याचं तेल’ ही आता जाहिरातीची ओळ झाली आहे. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं राहतात. रिफाइंडमध्ये ती जवळजवळ निघून जातात, पण तेल कोणतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

शेंगदाणा अजिबात न वापरणारं स्वयंपाकघर मिळालं, तरी कुटाऐवजी काय घालतात ते विचारा, कारण हिशेब तिथेच बिघडतो. पंधरा ग्रॅम कुटात साधारण ८५ कॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच भाजलेल्या डाळ्यात ५५ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे हा बदल फायद्याचाच. पण बहुतेक ठिकाणी हात सुक्या खोबऱ्याकडे जातो. त्यात १०० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. झाकणावरचा आकडा मात्र तोच राहतो. डाळं चालतं का, हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. आपल्याकडे हरभऱ्याची ॲलर्जी असलेलेही लोक आहेत.

दुधाच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. ‘लॅक्टोज-फ्री’ प्लॅन दूध न पचणाऱ्यांसाठी असतो, दुधाच्या ॲलर्जीसाठी नाही. लॅक्टोज ही साखर आहे. ॲलर्जी होते ती केसिन आणि व्हे या प्रथिनांची, आणि ती त्या दुधात जशीच्या तशी असतात. ए-टू दूध, म्हशीचं दूध, शेळीचं दूध, यातलं काहीच पर्याय नाही. सकाळच्या शेकमध्ये व्हे आयसोलेट असेल तर तेही दूधच. दूध वगळल्यावर डब्याची दुसरी अडचण समोर येते. १०० ग्रॅम पनीर काढून त्या जागी वाटीभर दुधी दिला की अठरा-वीस ग्रॅम प्रथिनांचे दोन ग्रॅमही उरत नाहीत. कॅलरी कमी झाल्या म्हणून डबेवाला खूश, आणि तुम्ही पाच वाजता चिवड्याचा डबा उघडता. पनीरच्या बदल्यात मुगाचं जाड धिरडं, मटकीची उसळ किंवा सोया चालत असेल तर टोफू मागा. बदामाचं दूध हा प्रथिनांचा पर्याय नव्हे. पेलाभर साध्या दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या दुधात एखादा ग्रॅम.

गव्हाची ॲलर्जी असलेल्याला ज्वारी-नाचणीच्या भाकरीचा डबा सोयीचा वाटतो, आणि बराचसा असतोही. फक्त पीठ कुठे दळलं ते विचारा. गिरणीत गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की सुरुवातीचं पीठ मिश्रच येतं. हिंगाकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात घोटलेला असतो आणि तो रोजच्या फोडणीत पडतो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो वापरायला सांगा. वजन उतरवायला व्यायाम जोडणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. काहींना नुसता गहू खाऊन काही होत नाही, पण खाल्ल्यावर काही तासांत पळलं की अंगभर गांधी उठतात, श्वास अडकतो. त्याच वेळी ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी पोटात असेल तर धोका वाढतो. असं एकदाही झालं असेल तर डबा आणि जिम दोन्ही थांबवून ॲलर्जीतज्ज्ञ गाठा.

काही महागड्या प्लॅनसोबत रक्ताची ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी येते. शे-दोनशे पदार्थांची यादी, लाल-पिवळे-हिरवे रंग. ती रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मोजते, आणि आयजीजी वाढलेली म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, इतकंच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी ॲलर्जीसाठी करू नका असंच सांगतात. लाल रंगातलं दूध, गहू, डाळ सगळं बंद केलं की वजन उतरतं हे खरं, पण ते कमी खाल्ल्यामुळे, आणि त्यात स्नायूही झडतो. या तपासणीचे पैसे वाचवा.

डबा लावण्याआधी फोनवर ‘दूध नको’ एवढंच म्हणू नका. ती आवडनिवड समजली जाते. ‘ॲलर्जी आहे, दवाखाना गाठावा लागतो’ असं सांगा आणि मेसेजवर लेखी होकार घ्या. जैन डबा वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने करता का, हेही विचारा. जिथे ही शिस्त आहे तिथे तुमचं पथ्यही पाळलं जाण्याची शक्यता जास्त. मेनूवर कॅलरी आणि ॲलर्जीकारक घटक दाखवण्याचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना किंवा केंद्रीय परवाना असलेल्यांना लागू आहे. घरगुती डबेवाल्याला नाही. सोबत येणाऱ्या पाकीटबंद चिक्की किंवा ग्रॅनोला बारवर ‘कंटेन्स’ची, म्हणजे ॲलर्जीकारक घटक सांगणारी ओळ असते. पण त्या ओळीत कोणते घटक द्यायचे याच्या भारतीय यादीत तीळ आणि मोहरी नाहीत, म्हणून तिळाचं पथ्य असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचा.

शेंगदाण्याची ॲलर्जी नसेल आणि डबा हवाच असेल तर आम्ही अर्धा डबा सुचवू: फक्त भाकरी, साधं वरण आणि उकडलेली उसळ मागवा, कोशिंबीर आणि फोडणी घरी करा. आचारी बदलल्याचं कळलं की पहिल्या दिवशीचे सगळे प्रश्न पुन्हा विचारा.