डिह्युमिडिफायर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी करणारं हे मशीन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलं, आता नोव्हेंबर संपत आला. घर घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर.

घ्यायचं कारण आईची पैठणी. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला काढली तर घडीवर पांढुरके ठिपके. कपाट पुढे ओढलं, तर मागचं प्लाय काळं-हिरवं झालेलं, हात लावला की बोटाला बुळबुळीत लागायचं. त्या भिंतीपलीकडे आमची बेडरूम, रात्रभर एसी २२ वर. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की २७ अंशांहून गार असलेल्या कशावरही पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. भिंत गार, कपाट तिला चिकटलेलं, मागे वाराच नाही.

पैसे घालण्याआधी एक कराच. ओल असलेल्या जागी हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी खोलीच्या बाजूला धरलं तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूला आलं तर ओल भिंतीतूनच येतेय. माझ्या हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून पाणी निघालं. तिथे हे मशीन काहीच करू शकलं नाही, पोपडे अजून पडतायत. बाहेरची भेग भरल्याशिवाय ते थांबणार नाही आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दर वेळी हेच सांगतेय.

आईच्या खोलीत मात्र फरक स्पष्ट दिसला. जुलैत आर्द्रतेच्या मीटरवर ८४ टक्के असायचं, दार-खिडक्या लावून मशीन चालवलं की तीन तासांत ५८. ‘हवा खेळू दे’ म्हणून पावसात खिडकी उघडी ठेवायची सवय मोडायला आईला महिना लागला, पण उघड्या खिडकीत आकडा ७५ च्या खाली येतच नाही.

खोक्यावर दिवसाला १२ लिटर लिहिलंय. भर पावसाळ्यात दोन लिटरची टाकी चार-पाच तासांत भरते आणि मशीन बंद पडतं, म्हणून नळी थेट बाथरूममध्ये सोडली. पाच तासांना साधारण सव्वा युनिट जातं. खोली दोनेक अंशांनी तापते, त्यामुळे आई झोपायच्या आधीच चालवते.

जुनी बुरशी आधी ओल्या फडक्याने पुसून काढली होती. कोरडा ब्रश मारू नका, घरभर उडते. यंदा गौरींना पैठणी काढली तेव्हा ना ठिपका, ना कुबट वास. कपाट अजूनही भिंतीपासून चार बोटं पुढेच ठेवलंय.