एनआरई खाते: केअर होमच्या पगारात कितपत परवडते?

ब्रिटनमधील लेस्टरच्या एका केअर होममध्ये मी २०२३ च्या आरंभापासून केअरर, म्हणजे तिथल्या रहिवाशांची देखभाल करणारी, म्हणून काम करते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतातील एका बँकेत मी एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाने परदेशातील कमाई रुपयांत ठेवण्यासाठीचे खाते उघडले. बँकेच्या माहितीपत्रकातील हसतमुख कुटुंब पाहता हे खाते लंडनमधल्या संगणक अभियंत्यासाठी केले असावे, असे वाटते. माझा पगार सध्या वर्षाला सुमारे २५ हजार पौंड आहे. आयकर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनची वर्गणी वजा जाता महिन्याला साधारण १,७०० पौंड हाती येतात आणि त्यातूनच खोलीचे भाडे, बसचा पास व कोल्हापूरजवळच्या गावी आईला पाठवायचे पैसे निघतात. एवढ्या हिशेबात हे खाते कसे उतरले, तेवढेच येथे लिहीत आहे.

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली गोष्ट म्हणजे करमुक्त व्याज. भारतापुरते ते खरे आहे. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या देशातल्या उत्पन्नासाठीच्या खात्याच्या व्याजातून ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापला जातो, तर एनआरईच्या व्याजातून काहीच कापले जात नाही. मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर ब्रिटन कर आकारते, त्यामुळे भारतात करमुक्त असलेले हे व्याज इथे आपोआप करमुक्त होत नाही, हे शाखेतील कोणीही सांगितले नाही. आमच्यासारख्यांना वाचवते ती इथली दुसरीच तरतूद: मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर द्यावा लागत नाही. सात टक्के व्याज धरले, तर ती मर्यादा ओलांडायला सोळा-सतरा लाखांची ठेव लागेल. माझी ठेव अजून त्याच्या जवळपासही नाही.

या खात्याचा खरा गुण जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. त्यातील मुद्दल आणि व्याज दोन्ही मर्यादेशिवाय पुन्हा परदेशी नेता येतात. आमचा व्हिसा मालकाच्या परदेशी कामगार ठेवण्याच्या परवान्याला बांधलेला असतो. तो परवाना रद्द झाला, तर दुसरा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि त्या काळात नवा अर्ज, भाडे, जेवण हे सर्व शिलकीतून करावे लागते. आईच्या खात्यात गेलेला पैसा आईचा होतो, तो परत मागणे कागदोपत्रीही अवघड असते आणि मनालाही जड जाते. म्हणून घरखर्चाची रक्कम आईच्या खात्यात आणि बचत एनआरईमध्ये, अशी विभागणी मी पहिल्या महिन्यापासून केली, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

परत नेता येते याचा अर्थ तेवढेच परत येते असा मात्र होत नाही. मी पहिले एक लाख रुपये ठेवले तेव्हा पौंड १०२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ते सुमारे ९८० पौंड झाले. सात टक्क्यांनी दोन वर्षांत त्याचे १ लाख १४ हजारांहून थोडे अधिक झाले. पण तोवर पौंड ११३ रुपयांच्या घरात गेला होता, आणि ती रक्कम पौंडांत मोजली तर १,०१५ च्या आसपास भरली. वर्षाला दोन टक्केही नाहीत! ज्याला हा पैसा गावात घर बांधायला वापरायचा आहे, त्याला या गणिताशी कर्तव्य नाही. ज्याला तो इथल्या व्हिसाच्या अर्जासाठी किंवा अडीअडचणीसाठी लागेल, त्याने तेवढा भाग इथल्याच बचत खात्यात पौंडांत ठेवावा. पौंडांतच मुदत ठेव हवी असेल, तर भारतीय बँका एक ते पाच वर्षांची एफसीएनआर ठेव देतात.

मुदत ठेवीची एक अट मी महागात शिकले. एनआरई ठेव एक वर्षाच्या आत मोडली, तर व्याज मिळत नाही. घराच्या छपराचे काम निघाले म्हणून मी दुसरी एक ठेव दहाव्या महिन्यात मोडली आणि खात्यात केवळ मुद्दल आले. नियम चुकीचा आहे असे नाही, पण सही घेताना तो सांगायला एक मिनिट लागले असते. त्याच शाखेतील अधिकारी वर्षाला एक लाख हप्त्याच्या विमा योजनेबद्दल मात्र मला चार वेळा, तेही नाइट शिफ्टनंतरच्या झोपेत, फोन करून सविस्तर बोलले.

कागदपत्रांचा भाग तर वैतागवाणाच. २०२४ संपताना ब्रिटनने बायोमेट्रिक रहिवासी कार्डे बंद करून ई-व्हिसा आणला. माझ्या शाखेला मात्र केवायसीसाठी पासपोर्टवरचा शिक्काच हवा होता. पत्त्याच्या पुराव्याचेही तसेच झाले, कारण चौघींच्या सामाईक घरात कौन्सिल टॅक्सचे बिल माझ्या नावावर नाही. शेवटी इथल्या बँकेचे विवरणपत्र चालले, पण त्यात सात आठवडे गेले. खात्याला यूपीआय जोडता येते आणि त्यासाठी ब्रिटनचा मोबाइल क्रमांक चालतो, ही सोय मात्र मनापासून आवडली. गावचे वीजबिल मी आता ड्यूटीच्या चहाच्या सुटीत भरते.

माझ्यासारख्या इतर केअररसाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. परदेशी नोकरीसाठी देश सोडला की जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. शेताचा खंड किंवा घरभाडे यांसारखे देशातले उत्पन्न साधारणपणे त्याच खात्यात जाते, एनआरईमध्ये ते त्यावरचा कर भरल्याची बँकेला खात्री पटली तरच भरता येते. दुसरी सूचना कर्जाविषयी आहे. येण्यासाठी पतसंस्थेकडून तेरा टक्क्यांनी घेतलेले कर्ज डोक्यावर असताना मी सात टक्क्यांची ठेव ठेवत होते, आणि करमुक्त या शब्दाच्या मोहात हा सरळ तोटा वर्षभर लक्षात आला नाही. कर्ज फिटल्यावर हे खाते उघडले असते, तर मी त्याला पाचपैकी चार गुण दिले असते. आज तीन देते: एक गुण त्या शाखेमुळे गेला आणि दुसरा माझ्या कर्जाच्या चुकीमुळे, खात्यामुळे नव्हे.