कॅलिफोर्नियाचे मोफत कॅम्पफायर परमिट: काय मिळते आणि काय मिळत नाही

कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय जंगलात किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर, ठरवून बांधलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, शेकोटी पेटवायची असेल किंवा कोळशावर कणसे भाजायची असतील, तर जवळ कॅम्पफायर परमिट असावे लागते. इतकेच काय, गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करण्यासाठीही ते लागते, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक मंडळींना ठाऊकच नसते. हे परमिट मोफत आहे, घरबसल्या मिळते, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालते. राज्याचे अग्निशमन खाते म्हणजे कॅल फायर, केंद्राची फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या तिघांची ही सामाईक व्यवस्था आहे. गेली काही वर्षे सिएरा नेवाडा या इथल्या डोंगररांगेत फिरताना मी ती नियमित वापरत आलो आहे. उन्हाळा तोंडावर आला की ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून त्याविषयी विचारणा सुरू होते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. आग कशी सांभाळावी आणि कशी विझवावी हे शिकवणारी सेवा म्हणून हे परमिट उत्तम आहे. मात्र आज, या जंगलात, या जागी आग पेटवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. ते उत्तर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या भाषेत लिहिलेले असते आणि तिथवर पोहोचण्याचा त्रास पूर्णपणे आपल्यावर सोडलेला आहे.

परमिट काढण्यात अडचण अशी काहीच नाही. संकेतस्थळावर एक छोटी चित्रफीत पाहायची, तिच्यावर आधारित काही बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, नाव-पत्ता भरायचा आणि तयार झालेला कागद छापून घ्यायचा किंवा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. प्रश्न सोपे आहेत. चित्रफीत न पाहता केवळ तर्काने उत्तरे देणारा माणूसही बहुधा उत्तीर्ण होईल. काहींना हा दोष वाटतो. मला वाटत नाही, कारण या परीक्षेचा हेतू कोणाला गाळण्याचा नसून चार गोष्टी प्रत्येकाच्या नजरेखालून घालण्याचा आहे, आणि त्या चार गोष्टी अचूक निवडल्या आहेत. आगीच्या कडेपासून सर्व बाजूंनी किमान ५ फूट जागा पालापाचोळा, काटक्या, गवत काढून मोकळी करावी. फावडे जवळ असावे. आग पेटलेली असेपर्यंत एक जबाबदार माणूस तिच्यापाशी असावा. आणि निघताना ती पाण्याने, पूर्णपणे विझवावी.

यातील शेवटच्या अटीवर चित्रफितीने जो भर दिला आहे तो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण विझवण्याची आपली घरगुती रीत नेमकी इथेच कमी पडते. निखाऱ्यांवर माती लोटायची, ज्वाळ दिसेनाशी झाली की तंबू गुंडाळायचा, असे आपण सर्रास करतो. माती टाकल्याने निखारा झाकला जातो, विझत नाही. तो आत तासन् तास धुमसत राहू शकतो, जमिनीतल्या वाळक्या मुळांना धरतो, आणि वारा सुटला की दुसऱ्याच जागी वर येऊ शकतो. म्हणून इथे पाणी ओतायचे, फावड्याने राख, निखारे आणि खालची माती ढवळून तो सगळा चिखल एकजीव करायचा, पुन्हा पाणी ओतायचे, आणि शेवटी हाताने तपासायचे. भाकरीसाठी तवा तापला का हे पाहताना हात जसा जरा अंतरावर धरतात तसा पालथा हात आधी राखेच्या वर धरायचा आणि ऊब अजिबात जाणवेनाशी झाली तरच राखेला टेकवायचा. सुरसुर आवाज थांबला म्हणजे विझली असे समजायचे नाही. ढवळल्यावर खालचे जाड लाकूड वर येते आणि आवाज पुन्हा सुरू होतो. मध्यम आकाराच्या शेकोटीलाही वाटते त्यापेक्षा बरेच जास्त पाणी लागते, आणि ऑगस्टमध्ये सिएरातले बरेच ओढे आटलेले असतात, तेव्हा हे पाणी गाडीतून न्यायचे आहे हे गृहीत धरूनच बेत आखावा.

अमेरिकेतील वणव्यांपैकी सुमारे ८५ टक्के वणवे माणसामुळे लागतात असे नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते. मागे सोडून दिलेल्या शेकोट्या, जाळलेला कचरा, यंत्रांतून उडालेल्या ठिणग्या, फेकलेली सिगारेट आणि मुद्दाम लावलेल्या आगी ही त्याची नेहमीची कारणे. वीज पडणे थांबवणे कोणाच्या हाती नाही, त्यामुळे निर्बंधांचा सगळा रोख या उरलेल्या मोठ्या वाट्यावर असतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे एक गोष्ट मनात नव्याने बसवावी लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे डोंगर हिरवे आणि ओले असण्याचे महिने, वणव्याचा काळ फाल्गुन-चैत्राचा. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि शाळांच्या सुट्टीत, जेव्हा सगळे डोंगरात जातात, तेव्हा गवत पिवळे पडून काडीसारखे पेटायला तयार असते.

आता परमिटच्या उणिवेकडे येतो. उन्हाळ्यात प्रत्येक राष्ट्रीय जंगल आपापला बंदी आदेश काढते. कॅलिफोर्नियात अशी १८ जंगले आहेत आणि प्रत्येकाच्या आदेशाची तारीख, मुदत आणि व्याप्ती वेगळी असू शकते. या आदेशांमध्ये एक वाक्य वारंवार आढळते: वैध कॅम्पफायर परमिट असलेल्यांना या मनाईतून सूट नाही, मात्र ते गॅसवर किंवा दाबाखालील द्रव इंधनावर चालणारी सुटी शेगडी अथवा कंदील वापरू शकतात. म्हणजे बंदी लागू झाली की परमिट लाकडाच्या शेकोटीसाठी निरुपयोगी होते आणि शेगडीसाठी मात्र तेच अत्यावश्यक ठरते. व्यवस्थेचा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तो परमिटच्या कागदावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत असायला हवा होता. परमिट असले तरी स्थानिक निर्बंध पाळावेत अशी सूचना मिळते खरी, पण हौसेने परमिट काढून बसलेल्या माणसाच्या मनावर ती ठसत नाही. ‘आमच्याकडे परमिट आहे’ असे ठामपणे सांगत, बंदीच्या ऐन दिवसांत लाकडे रचणारी सुशिक्षित मंडळी मी पाहिली आहेत.

आदेश वाचणे हे एक वेगळेच काम आहे. भाषा कायद्याची, सोबत नकाशा आणि परिशिष्ट. आग ‘पेटवणे, चालू ठेवणे, तिच्याजवळ थांबणे किंवा ती वापरणे’ अशा चारही गोष्टींना मनाई असते, त्यामुळे शेजारच्या गटाने लावलेल्या बेकायदा शेकोटीभोवती गप्पा मारायला बसणेही त्यात येते. अपवाद असतो तो परिशिष्टात नावानिशी दिलेल्या कॅम्पग्राउंडचा. तिथे शेकोटीसाठी बसवलेल्या लोखंडी कड्यात शेकोटी चालते. यादीत नाव नसेल तर जागेवर लोखंडी कडे असूनही आग लावता येत नाही, आणि नवख्यांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. धूम्रपान बंद गाडीत, इमारतीत किंवा यादीतील कॅम्पग्राउंडमध्येच. रस्ता सोडून इंजिनाची वाहने चालवण्यावर, वेल्डिंगवर आणि स्फोटकांवरही अशा आदेशांत मनाई असते. फटाके केंद्राच्या या जमिनींवर बंदी असो वा नसो, चालत नाहीत. आदेशभंगासाठी व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोलोरॅडो, ॲरिझोना वगैरे राज्यांत निर्बंधांचे टप्पे केलेले आहेत आणि ते समजायला तुलनेने सोपे जातात. साधारणपणे पहिल्या टप्प्यात कॅम्पग्राउंडमधील कायमच्या कड्यातच शेकोटी चालते, दुसऱ्यात तीही बंद होते आणि फक्त बंद करण्याचा व्हॉल्व्ह असलेली गॅसची शेगडी उरते, आणि त्याही पुढे गेले तर जंगलच बंद होते. कॅलिफोर्नियातील प्रवाशाला मात्र इतका सरळ जिना मिळेलच असे नाही. त्यात उंचीचे आणि अभयारण्यांचे कायमचे नियम वेगळे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात ९,६०० फुटांच्या वर शेकोटीला मनाई आहे आणि टाहो सरोवराजवळच्या डेसोलेशन वाइल्डरनेसमध्ये ती बारमाही आहे.

इतका काच कशासाठी, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘रिम फायर’ या वणव्याची हकीकत लक्षात घ्यावी. १७ ऑगस्ट २०१३ रोजी स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय जंगलात ही आग सुरू झाली. एका शिकाऱ्याने बेकायदा लावलेली शेकोटी हाताबाहेर गेल्याचा निष्कर्ष फॉरेस्ट सर्व्हिसच्या तपासात निघाला. त्या वेळी तिथे शेकोटीवर निर्बंध लागू होते. आग योसेमिटीत शिरली आणि २,५७,३१४ एकर जळाले. त्या शिकाऱ्यावर नंतर खटलाही भरला गेला, पण महत्त्वाचे दोन साक्षीदार मरण पावल्याने २०१५ मध्ये तो मागे घेण्यात आला. नियम कागदावर होता, जंगलातल्या त्या एका माणसाने तो पाळला नाही, आणि तेवढेच पुरेसे ठरले.

सगळ्या आगी शेकोटीच्या नसतात, हेही परमिटच्या मर्यादेतच मोडते. जुलै २०१८ मधली ‘कार फायर’ (Carr, हे वणव्याचे नाव) एका ट्रेलरचे टायर बसून त्याची धातूची रिम डांबरावर घासल्याने उडालेल्या ठिणग्यांतून सुरू झाली आणि २,२९,००० एकरांहून अधिक भाग जळाला. ५ सप्टेंबर २०२० रोजी युकायपाजवळ, होणारे बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याच्या समारंभातील धुराच्या नळकांड्याने एल डोराडो फायर लागली, आणि ती विझवताना एका अग्निशमन जवानाचा जीव गेला. टायरमधील हवा, ट्रेलरच्या लोंबणाऱ्या साखळ्या, वाळक्या गवतावर उभी केलेली तापलेली गाडी, या गोष्टींसाठी कोणी परमिट काढत नाही. कॅम्पिंगला निघणारे बहुतेक सगळे जण गाडीनेच जातात, तेव्हा परमिटच्या चित्रफितीत या विषयाला आणखी जागा मिळायला हरकत नव्हती.

बंदी कमी पडते असे वाटले की दारच लावून घेतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील सर्व १८ राष्ट्रीय जंगले काही काळ बंद होती. २०२१ मध्ये ऑगस्ट अखेरीपासून सुमारे दोन आठवडे जवळजवळ सगळी पुन्हा बंद झाली आणि लेबर डेची लांब सुट्टी नेमकी त्यात सापडली. अशा वेळी आगाऊ केलेली आखणी वाया जाते आणि चिडचिड होते. पण सुट्टीच्या तीन-चार दिवसांत जंगलात उतरणारी गर्दी आणि आधीच ठिकठिकाणी अडकलेली अग्निशमन पथके पाहता तो निर्णय मला योग्यच वाटला होता.

व्यवस्थेचे हात जिथे पोहोचत नाहीत अशाही जागा आहेत. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात, बंदी लागू असताना, सरपणाचे गठ्ठे दाराशीच छान रचून ठेवलेले होते आणि बंदीविषयी एक ओळही कुठे लावलेली नव्हती. विचारल्यावर विक्रेत्याने, लोक घरच्या अंगणासाठी नेतात, असे सांगितले. ते खरेही असेल. पण गाडीवर तंबू बांधलेले गिऱ्हाईक ते गठ्ठे कुठे नेत असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

माझी शिफारस अशी की परमिट जरूर काढावे, पण ते शेगडीसाठी काढले आहे असे समजावे. सोबत मराठी स्वयंपाकाला पुरेशी, रुंद बुडाची, बंद करण्याचा व्हॉल्व्ह असलेली गॅसची शेगडी घ्यावी. खिचडी, पोहे, चहा यांपैकी कशालाही लाकडाची गरज पडत नाही आणि भांडीही काळी होत नाहीत. शेकोटीची हौस असेल तर ती पावसानंतरच्या महिन्यांसाठी राखून ठेवावी, किंवा बंदीतही ज्याचे नाव परिशिष्टात कायम असते असे कॅम्पग्राउंड आरक्षित करावे. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जंगलाच्या संकेतस्थळावर चालू आदेश, त्याची तारीख आणि परिशिष्ट पाहून तिन्ही गोष्टी फोनमध्ये उतरवाव्यात, कारण घाटात शिरल्यावर सिग्नल मिळेलच असे नाही. हवामान खात्याचा रेड फ्लॅग इशारा, म्हणजे वणव्याला पोषक हवामानाचा इशारा, असेल तर, आदेश परवानगी देत असला तरी, शेकोटी टाळावी. शंका राहिल्यास रेंजर स्टेशनला, म्हणजे जंगलाच्या स्थानिक कार्यालयाला, फोन करावा आणि जंगलाचे नाव नव्हे, तर नेमक्या जागेचे नाव सांगून विचारावे.

फॉरेस्ट सर्व्हिस आणि कॅल फायरने एक सुधारणा केली तर माझी तक्रार मिटेल. परमिट देताना अर्जदाराला कुठे जायचे आहे हे विचारावे आणि त्याच कागदावर त्या जंगलाचा चालू आदेश, त्या दिवसाच्या तारखेसह, जोडून द्यावा. हंगामाच्या मध्यात आदेश बदलला तर नोंदवलेल्या ईमेलवर कळवावे. तोवर जानेवारीत नवे परमिट काढताना फावडे आणि पाण्याचा कॅन गाडीत आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.