दातू पुती 'सुका': आजीच्या आदोबोसाठी घ्यावं का?

परदेशात वाढलेली फिलिपिनो मुलं घरचं जेवण स्वतः रांधायला लागतात ती बहुधा आदोबोपासून (व्हिनेगर, सोया आणि लसणात शिजवलेलं मांस), आणि हातात पहिली येते ती दातू पुती या ब्रँडची बाटली. 'सुका' म्हणजे व्हिनेगर. आपल्या सुक्याशी त्याचा संबंध नाही. बोर्निओहून पनाय बेटावर आलेल्या दहा सरदारांची दंतकथा आहे, दातू पुती हे त्यांतल्या एकाचं नाव. व्हिनेगर उसाचं. आदोबोला ते चोख आहे: आंबट खणखणीत, पण सिंथेटिक व्हिनेगरसारखं घशाला झोंबत नाही.

एक किलो चिकनला अर्धा कप सुका, पाव कप सोया सॉस, 8-10 ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चमचाभर अख्खे मिरे, 3 लॉरेलची पानं (बे लीफ) आणि कपभर पाणी. चिकन हाडासकट, मांडीचं घ्या. छातीचे तुकडे चोथा होतात. लॉरेलऐवजी आपलं तमालपत्र नको, त्याचा वास दालचिनीकडे जातो. उकळी येईपर्यंत झाकायचं नाही आणि ढवळायचंही नाही, नाहीतर कच्च्या व्हिनेगरचा वास राहतो, हा तिकडच्या घरांतला जुना दंडक. मग मंद आचेवर 35 मिनिटं. तुकडे काढून थोड्या तेलात परतायचे, रस निम्मा आटवायचा आणि तुकडे परत त्यात सोडायचे.

आदोबो बिघडतो तो बहुतेक वेळा मिठाने. रस आटतो तसा सोयाचा खारटपणा वाढत जातो, म्हणून मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच. दाट काळा सोया वापरू नका, पातळ घ्या. सोया अजिबात नसलेला 'आदोबोंग पुती' ही जुनी रीत. तिथे मीठच घालतात आणि व्हिनेगरचा कस खरा लागतो.

मात्र एवढी एकच बाटली आणून आजीची चव येईलच असं नाही. आजी कुठली, हे आधी विचारा. इलोकोसची असेल तर तिच्या घरी 'सुकांग इलोको' असणार, उसाच्याच 'बासी' दारूपासून केलेलं, गडद आणि गोडसर. बुलाकानमधल्या पाओंबोंगची असेल तर निपा ताडाचं. विसायातली असेल तर माडाच्या 'तुबा'चं, म्हणजे माडीचं, आणि तिच्या किनिलावला (व्हिनेगर घातलेला कच्चा मासा) दातू पुती फिकं पडतं. तिथे गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर जवळचं, कारण दोन्हींचा कच्चा माल एकच.

किनिलावला लागणारा 'तानिगे' म्हणजे आपली सुरमईच. व्हिनेगरने मासा पांढरा होतो, पण त्यातले कृमी मरत नाहीत; म्हणून उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवलेलाच घ्या. व्हिनेगर वाढायच्या 10 मिनिटं आधी घाला, जास्त वेळ राहिलं तर मासा रबरासारखा होतो.