क्रेडिट कार्डाचे दोन टक्के: वर लावायचे की भावात मुरवायचे?

डेबिट कार्डाचा विषय आधी संपवू, कारण तिथे निवड नाहीच. डेबिट कार्डाचा एमडीआर, म्हणजे कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून कापते ते कमिशन, गिऱ्हाइकाच्या माथी मारू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. २०१८ पासून वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला तो जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्यांना ०.९० टक्के; आणि रुपे डेबिट व यूपीआयवर जानेवारी २०२० पासून शून्य. तरी ‘कार्डवर २% जादा’ ही पाटी सरसकट सगळ्या कार्डांना लागू होते. बँक शेकडा चाळीस पैसे कापते आणि आपण दोन रुपये घेतो, याला खर्च वसूल करणं म्हणता येत नाही.

उरलं क्रेडिट कार्ड. त्याला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. मला साधारण दोन टक्के पडतात, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. माझं दुकान पंखे, मिक्सर, गिझरचं. मार्जिन बेताचं, म्हणून दोन टक्के टोचतात. मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत.

वर लावण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. रोख देणाऱ्याने कार्डवाल्याच्या रिवॉर्ड पॉइंटचा खर्च का सोसायचा? शिवाय दोन टक्के म्हटलं की निम्मी माणसं खिशातून फोन काढतात आणि क्यूआर स्कॅन करतात, म्हणजे खर्चच टळतो. घासाघीसही फार होत नाही. ‘बँक घेते हो’ म्हटलं की बहुतेकांना पटतं.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी: बिल आणि स्लिप जुळत नाहीत. गिझर ९,५०० चा. पक्कं बिल ९,५०० चं, मशीनवर मात्र ९,६९०. चार दिवसांनी गिऱ्हाईक दोन्ही कागद घेऊन येतं, ‘हा नको, मोठा द्या’ म्हणतं आणि बोट स्लिपवर ठेवतं. मी परत किती द्यायचे? बिलाप्रमाणे दिले तर १९० रुपये खाल्ल्याचा आळ, स्लिपप्रमाणे दिले तर बँक आपलं कमिशन परत देईलच असं नाही. मग महिनाअखेर सीएचा फोन येतो, कार्डाची जमा विक्रीपेक्षा जास्त कशी? ते १९० बिलात दाखवावेत तर ते विक्रीच्या किमतीचाच भाग ठरतात आणि त्यांच्यावरही जीएसटी बसतो. १८ टक्के आतून काढले की हातात १६१ उरतात. बँक मात्र ९,६९० वर दोन टक्के कापते, म्हणजे १९३ रुपये ८० पैसे, आणि जीएसटी वेगळा. नियमित जीएसटीवाल्याला त्या कराची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला, तीही नाही. एवढी खटपट करून पदरात पुरते दोन टक्केही पडत नाहीत.

त्यात आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक क्यूआरच स्कॅन करतं, साउंडबॉक्स नेहमीच्याच आवाजात रक्कम बोलतो, आणि दोन हजारांच्या वरचा व्यवहार असेल तर कमिशन नंतर सेटलमेंटमध्ये दिसतं. पाटी कार्ड हातात दिसण्यावर चालते, इथे कार्ड दिसतच नाही.

भावात मुरवायला लोक घाबरतात, कारण सगळा माल दोन टक्क्यांनी महाग करावा लागेल असं वाटतं. तसं नसतं. समजा महिन्याची विक्री ५ लाख आणि त्यात क्रेडिट कार्डाची ६० हजार. कमिशन १,२०० रुपये, जीएसटी धरून १,४१६. सगळ्या विक्रीवर पसरलं तर पाव टक्क्याच्या जवळपास. वाहतूक आणि हमाली आपण पडत्यात, म्हणजे माल आपल्याला पडतो त्या किमतीत, धरतोच, त्याच ओळीत हेही धरायचं. मी तेच करतो. गिऱ्हाईक शेवटचा भाव विचारायला लागलं की यूपीआय किंवा रोखीसाठी थोडं सोडतो आणि बिलच तेवढ्याचं करतो. कागद जुळतात, तक्रार नाही. रोखवाल्यावर अन्याय होतो हे मान्य, पण तो बहुधा भाव पाडूनच घेतो, त्यामुळे त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

अर्थात हे माझ्या धंद्यापुरतं. मेडिकल किंवा किराणावाला एमआरपीने विकत असेल तर त्याला भाव वाढवता येत नाही, आणि वर दोन टक्के घेतले तर एमआरपी ओलांडल्याचा प्रश्न येतो. त्याला मार्जिनमधूनच सोसावं लागतं, सुदैवाने त्याची बिलं लहान असतात. साडीवाल्याने तर पाटी लावूच नये, त्याच्या मार्जिनला ती शोभत नाही. मोबाइल आणि सोनं विकणाऱ्यांना मात्र मी उपदेश करणार नाही. लाखाच्या वळ्यावर दोन हजार जाणं आणि माझ्या मिक्सरवर साठ रुपये जाणं यात फरक आहे. त्यांना वर घ्यायचेच असतील तर निदान बिलावर वेगळी ओळ घालून घ्यावेत, आणि त्याआधी मशीन घेताना सही केलेला करारनामा काढून बघावा, त्यात मनाई असू शकते.